पुसलेली सुरी

माझं कुणी खरं मानलं नाही. सुरीचं कोण खरं मानणार? बगलेत सुरी, मानेवर सुरी, पाठीत सुरी. माणसांच्या तोंडी आमचं नाव आलं की समजावं, कुणाचा तरी घात चाललाय. जन्मभर पाव कापले, लोणी कापलं, पार्सलांच्या दोऱ्या तोडल्या, त्याची म्हण कुणी केली? तेव्हा घरातलं पोर आजारी पडल्यावर पहिलं बोट माझ्याकडे वळलं, याचं मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. तो अजून गेलेला नाही, कशाला खोटं बोलू?

माझं सोडा, मी लोखंडाची. पण माझ्यासोबत आणखी एकीचं कुणी खरं मानलं नाही. ती हाडामासाची होती आणि तिचे दुधाचे दात अजून पडत होते. तिच्यासाठी मी आज तोंड उघडतेय.

मी करवतीची लेक आहे, तेव्हा माझ्याकडून मऊ मऊ बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. लाकडाच्या वखारीत माझी आई ओंडके कापायची. एका ओंडक्यात कुणीतरी विसरलेला खिळा निघाला आणि तिचे तुकडे झाले. त्यातला एक तुकडा लोहाराने उचलून आणला. तो ठोकत होता आणि त्याची बायको भाता मारता मारता त्याच्यावर ओरडत होती, “अहो, पातळ करा जरा! सुरी करताय की पहार?” तिने तोंड चालवलं म्हणून मी पातळ झाले. बाई वेळेवर बोलली तर काय होतं, ते मी जन्मतानाच पाहिलं.

मूठ मला एका मोडक्या खुर्चीच्या पायाची मिळाली. अजून तिच्यावर खुर्चीच्या पायाचा गोल फुगवटा आहे. हातात धरली की तळव्यात बरोबर बसते.

मला विकत घेतलं एका किराणा दुकानदाराने. लोहार त्याला म्हणाला, “हे चकचकीत पातं नव्हे हो. ओलं ठेवलंत तर बघता बघता गंज धरेल. धुतली की पुसायची. विसरायचं नाही.”

दुकानदार विसरला नाही. मरेपर्यंत विसरला नाही.

दुकान कोपऱ्यावरचं. पायऱ्या चढून आत आलं की एका भिंतीला पिठांचे, तांदळाचे, डाळींचे उघडे कप्पे, आणि कप्प्यांत पत्र्याचे खोलगट चमचे. समोर काउंटर. काउंटरच्या काचेमागे चीजचे गोळे, लोण्याची लादी, सुकवलेली फळं. काउंटरवर लाकडी फळी, पावाची टोपली आणि मी. दुकानदार उंच होता, हळू बोलायचा. “पातळ कापू की जाड?” प्रत्येकाला विचारायचा. “पातळ कापलं की पुष्कळ दिसतं, जाड कापलं की पुष्कळ लागतं. तुमचं तुम्ही ठरवा.” माणसं हसायची. तो मला खांद्यावरच्या फडक्याला पुसायचा, आधी एक गाल, मग दुसरा, शाळेत जाणाऱ्या लेकराचं तोंड पुसावं तसा.

मग एका हिवाळ्यात तो दुकानात आला नाही. शटर बरेच दिवस खालीच राहिलं. उघडलं तेव्हा माझ्या मुठीवर दुसरा हात होता. लहान, जाड आणि घट्ट. त्याच्या बायकोचा.

तिला सगळे काकू म्हणतात. काकूंची जीभ माझ्याहून धारदार. कुणी विचारलं, “काकू, पाव ताजा आहे ना?” की उत्तर तयार, “नाही, माझ्या लग्नातला आहे. घ्यायचा तर घे.” पण गिऱ्हाईक तुटत नाही. कारण काकूंच्या दुकानात किड्याला जागा नाही आणि घाणीला तर नाहीच नाही. खरकट्याचा तर त्यांना असा राग, की कुणी जेवता जेवता पाण्याच्या भांड्याला हात लावला तर ते भांडं तिथल्या तिथे घासायला पडायचं. “खरकटा हात!” असं त्या ओरडल्या की मोठी मोठी माणसं हात मागे घ्यायची.

पण खरकट्याचा त्यांचा एक नियम होता. ओलं आणि शिजवलेलं ते खरकटं. कोरड्याला खरकटं नाही. भाताचं शीत सांडलं तर ते धुवायचं. पाव, पीठ, दाणे सांडले तर झटकायचं, पुसायचं, झालं. त्यांच्या आईनेही असंच केलं, आजीनेही. नियम चांगला होता. आजवर त्याने कुणाचं बिघडलं नव्हतं.

काकूंचा मुलगा मालगाडीवर काम करतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. सून शिंप्याच्या दुकानात कपडे उसवून पुन्हा शिवते. कुणाची कंबर वाढते, कुणाची बाही आखूड होते. बोलायला कमी, पण टाका पक्का. सासरे गेल्यावर त्यांचे सदरे कपाटात तसेच लटकले होते. काकू कपाट उघडायच्या आणि लावून घ्यायच्या. एक दिवस सुनेने त्यातले कॉलर विरलेले निळ्या चौकड्यांचे सदरे काढले, कापले, कडा दुमडून शिवल्या आणि दुकानात आणून ठेवले.

“माणूस गेला तर त्याचे सदरे फाडायला निघाली!” काकू कडाडल्या.

“अहो आई, कपाटात कसर खाईल त्यांना. इथे तुमच्याजवळ राहतील.”

संध्याकाळपर्यंत ती घडी तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक फडकं त्यांच्या खांद्यावर होतं. तेव्हापासून ते उतरलं नाही. रोज दुकान बंद करताना त्या ते स्वतःच्या हाताने धुवायच्या, आणि सकाळी दुसरं घ्यायच्या. नवऱ्यासारख्याच मला पुसायच्या, आधी एक गाल, मग दुसरा.

आणि नात. तिचं नाव लवंगी. म्हणजे खरं नाव वेगळं, ते शाळेच्या पटावर. बुटकी आणि तिखट म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे. शाळा सुटली की ती दुकानात यायची, कारण आई संध्याकाळपर्यंत मशीनवर. काउंटरमागे बसून आजीने कापलेलं खायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पाववाल्याची हुबेहूब करायची. “काकूऽ, आज खमंग आहे बघाऽ!” पाववाला स्वतः टोपली उतरवून हसायचा.

मग तिच्या नकला कमी झाल्या. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. वर्गातली पोरं उंच झाली आणि ही आहे तिथेच. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या, पोर बाकावर डोकं ठेवून झोपते. काकू म्हणायच्या, “माझ्या माहेरी सगळे बुटकेच.” सून तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हिच्या पोटाला गहू चालत नाही. जव पण नाही. गव्हातला जो चिकट अंश असतो, त्याने हिच्या आतड्याच्या आतल्या बाजूला जखमा होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, गहू बंद. कणभरसुद्धा नको. जन्मभर.

काकूंना ते पटायलाच तयार नव्हतं. “गव्हाने कधी कुणाचं वाईट केलंय? आम्ही काय माती खाऊन वाढलो?”

“अहो आई, तुमच्या पोटाचं नाही म्हणत. हिच्या पोटाचं म्हणतेय.”

“कणभर म्हणजे काय पण? कणाने काय होतं?”

सुनेला ते समजावून सांगता आलं नाही. तिने घरातला पाव बंद केला, पिठाचे डबे रिकामे करून घासले, स्वतःही भात खाऊ लागली, आणि सुरुवातीला पोरीचं दुपारचं खाणंही घरूनच बांधून द्यायची. काकू पुटपुटत राहिल्या, पण आडव्या आल्या नाहीत. आणि काय सांगू, पोर सुधारलं! गालांना रंग आला. एक दिवस तिने काकूंचीच नक्कल काकूंसमोर केली, कमरेवर हात ठेवून, “माझ्या लग्नातला आहे, घ्यायचा तर घे!” काकू हसता हसता खोकल्या.

पण ते टिकलं नाही. पोट पुन्हा दुखायला लागलं. रोज नाही, एक दिवसाआड, कधी सलग, कधी मध्येच बरं. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात खाल्लं तर काही नाही. शाळेनंतर खाल्लं तर रात्रभर पोट धरून बसलेली. सुनेने घरातला डबा न् डबा पाहिला, आणि मग दुकानात आली.

“आई, रागावू नका. पाव कापता त्याच सुरीने हिला चीज कापून देता का?”

काकूंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या पाण्याच्या भांड्यात खरकटा हात घातला असावा. “मी धुते सुरी. प्रत्येक वेळी. साबण लावून. माझ्या नातीला मी घाण चारीन?”

त्या खरं बोलत होत्या. देवाशपथ, त्या मला धुवायच्या, प्रत्येक वेळी, अगदी मुठीच्या खाचेपर्यंत. मी ओरडून सांगितलं, धुतात त्या, मला धुतात! पण पात्याला कुठली वाचा.

“जुनी आहे ती,” सून म्हणाली, “मुठीत काहीतरी राहत असेल.”

झालं. दुसऱ्या दिवशी एक नवी चकचकीत सुरी आली, प्लॅस्टिकच्या मुठीची. फळीपण नवी आली. पावासाठी घरची एक दातेरी सुरी आणली. आणि मी गेले खणात. गेलेल्या बल्बांमध्ये, रबरांच्या आणि सुतळीच्या गुंत्यात. ज्या माणसाने मला आणलं तो नव्हता, ज्या बाईने मला वापरलं तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. खण लाकडाचा होता आणि फुगलेला होता, पूर्ण बंद व्हायचा नाही. त्या फटीतून मी दुकान बघत बसायचे. अंगावर गंजाचे ठिपके उठले. पुसायला कुणी नव्हतं.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? नवी सुरी आली, नवी फळी आली, मला कैद झाली, आणि लवंगीचं पोट दुखायचं थांबलं नाही. म्हणजे मी सुटायला हवं होतं ना? नाही. आता दुसरा चोर शोधायचा होता. माझ्याकडे परत यायला कुणाला सुचलं नाही.

तो चोर शोधून दिला पाववाल्याने. वाईट माणूस नाही तो, तोंड तेवढं फाटकं. टोपली उतरवता उतरवता म्हणाला, “काकू, पोर आहे ते. गरम पावाचा वास सुटला की मोठ्यांना राहवत नाही. मारत असेल एखादा तुकडा. आमची धाकटी बघा, रोज साखरेच्या डब्यात सापडते.”

त्या दुपारी लवंगी शाळेतून आली तेव्हा त्यांनी तिचं दप्तर उपडं केलं. खिसे उलटे केले.

“आजी, काय शोधतेस?”

“तू पाव खातेस का चोरून?”

“नाही!”

“खरं सांग. मी मारणार नाही.”

“नाही खाल्ला, आजी. मला माहितीये काय होतं ते. मी कशाला खाऊ?”

“मग दुखतं कशाने?”

ती काय सांगणार? मोठ्यांना माहीत नाही ते तिने कुठून आणावं? ती गप्प झाली, आणि माणसं गप्प बसण्याचा अर्थ स्वतःला हवा तसा लावतात. संध्याकाळी आई आली, तिनेही विचारलं. थकलेली होती, सुईने बोटं टोचलेली. “लवंगे, खाल्ला असशील तर सांग गं. चिडणार नाही.” आईनेही विचारलं म्हटल्यावर पोरीच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. नकला तर बंदच झाल्या. कुणी आलं की ती कप्प्यांपासून दूर, भिंतीला टेकून उभी राहायची, जणू वाऱ्याने पीठ उडून अंगावर आलं तरी तिच्यावरच आळ येईल.

आणि एक दिवस सून म्हणाली, “आई, मी हिला माझ्या आईकडे ठेवते. तिथे दुकान नाही, पाव नाही. वर्षभर राहू दे.”

“आणि शाळा?”

“तिथे घालू.”

काकू फळी पुसत होत्या. पुसत राहिल्या. स्वच्छ झालेली फळी पुन्हा पुसली. नवरा गेला, मुलगा मालगाडीवर, आणि दुकानातला एकमेव हसणारा आवाज आता जाणार, तोही चोर म्हणून.

“एक दिवस दे मला,” त्या म्हणाल्या. “उद्या शाळा नको. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील. चोरी केली तर मी पकडून देते, मग खुशाल ने.”

सून म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी लवंगी काउंटरमागे उलट्या खोक्यावर बसली, माझ्या खणाच्या अगदी शेजारी. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, तळवे वर. तशीच बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. काकूंनी तांदूळ जोखले, डाळ जोखली. पोर हलली नाही.

“असे का धरलेस हात? मोकळी बस की.”

“म्हणजे तुला दिसतील.”

काकूंनी तोंड फिरवलं. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला त्यांनी उगाचच झापलं, “काय हवंय ते बोल ना पटकन, इथे काय चित्र काढायला उभा आहेस?”

दुपारी पाव आला. काकूंनी टोपलीखालचं पीठ फडक्याने झटकलं. पाव कापले, फळीवरचा चुरा फडक्याने काढला. हात फडक्याला पुसले. फडकं खांद्यावर टाकलं. सगळं अगदी नेहमीसारखं. मग लवंगीच्या खाण्याची वेळ झाली तेव्हा त्यांनी नवी सुरी उचलली आणि तिला दाखवली.

“बघ. ही सुरी. ही पावाला लावत नाही. तरी धुते. बघ, साबण. बघ, पाणी. ताटली पण धुतली. दिसतंय ना?”

“दिसतंय.”

मग त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि सुरी पुसली, आधी एक गाल, मग दुसरा. ताटली पुसली. फडकं खांद्यावर गेलं. चीजचे काप केले, ताटलीत ठेवले आणि तिच्यापुढे सरकवले.

लवंगीने काप उचलला. मी खणात तडफडत होते. तिने तो तोंडापाशी नेला आणि ती थांबली.

“आजी, तुझ्या खांद्यावर पाव सांडलाय.”

“असू दे. झटक जरा.”

“मी नाही हात लावणार.”

“का गं?”

“तू म्हणशील, मी खाल्ला.”

आवाज चढवलाच नव्हता तिने. काकूंचा हात तिथल्या तिथे थांबला. माझ्या धारेने इतका खोल घाव मी आयुष्यात घातला नव्हता. मग त्यांनी फडकं खांद्यावरून ओढलं आणि काउंटरच्या काळ्या दगडावर झटकलं.

पाऊस पडावा तसा चुरा पडला. पांढरं पीठ, कवचाचे तपकिरी तुकडे, बारीक बारीक दाणे. काकू त्या काळ्या दगडाकडे बघत राहिल्या. मग सुरीकडे. मग ताटलीकडे. मग पोरीच्या हातातल्या कापाकडे.

“टाक ते!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की पोरीच्या हातातून काप उडालाच. “तोंडात घातलास का? घातलास?”

“नाही.”

“अगं आई गं. खरकटं. हे सगळं खरकटं आहे.” त्या दगडाला धरून खाली बसल्या. “मी मेली म्हणत होते कोरड्याला खरकटं नाही. साबणाने धुवायचे आणि खरकट्याने पुसायचे. रोज. माझ्या हाताने.”

बघा कसं असतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला ‘कण’ त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. पण खरकटं म्हटल्यावर सगळं एका क्षणात कळलं. खरकटा हात लागला की भांडं खरकटं, भांडं लागलं की पाणी खरकटं. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग सकाळी का दुखत नव्हतं, तेही कळलं. सकाळी फडकं धुतलेलं असायचं आणि पाव आलेला नसायचा. फक्त त्या पोरीपुरता गहू कोरडासुद्धा खरकटा होता, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

लवंगी खोक्यावरून उतरली आणि आजीच्या शेजारी जमिनीवर बसली. हात तसेच, तळवे वर. काकू ते दोन्ही हात आपल्या हातांत घेणार होत्या, मग थांबल्या, उठल्या, नळाखाली आपले हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, कशालाही न पुसता तसेच ओले घेऊन आल्या आणि मग तिचे हात धरले. “चुकले गं बाई,” म्हणाल्या. मी या दुकानात कितीतरी ऐकलं, काकूंच्या तोंडून हे पहिल्यांदाच.

भरदुपारी शटर अर्धं खाली आलं. “काय काकू, बंद?” “धुवायला काढलंय. उद्या ये.” आजी आणि नात, दोघींनी दुकान धुतलं. सून संध्याकाळी आली तेव्हा जमीन ओली आणि काकू खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या.

“सापडला चोर,” काकू म्हणाल्या. सगळं सांगितलं.

सुनेने निळ्या चौकड्यांचं ते फडकं उचललं. “हे मीच शिवून दिलं तुम्हाला.”

“शिवलंस तू. फिरवलं मी. आता रडत बसू नकोस, पोर कुठे जात नाही. तुझ्या आईला सांग, सुट्टीत येईल.”

आणि मग खण ओढला गेला. मला उजेड दिसला. सून म्हणाली, “हिचा काही दोष नव्हता, आई.” एवढंच. माझ्यासाठी पुरे होतं.

आता मी म्हातारी आहे. धार लावून लावून माझं पातं निम्मं झालंय, गंजाचे ठिपके काही गेले नाहीत. मी फक्त पाव कापते. काउंटरच्या या टोकाला मी, पाव, माझी फळी आणि माझं फडकं. त्या टोकाला नवी सुरी, चीज, लोणी, सुकी फळं. तिकडे फडकं जातच नाही. धुतलेलं सगळं जाळीवर उभं करून वाळवतात, घाई असली तर कागदाने पुसतात आणि कागद फेकून देतात. कप्प्यांतले चमचे सुतळीने आपापल्या कप्प्याला बांधलेत, म्हणजे पिठातला चमचा फिरत फिरत तांदळात जात नाही. तांदळाचे कप्पे वर गेले, पीठ खाली आलं, कारण पीठ खाली सांडतं, वर उडी मारत नाही. हे सगळं काकूंनी केलं, आणि जो कुणी चुकतो त्याला “खरकटं!” अशी आरोळी ऐकावी लागते. लवंगी आता काउंटरवरून दिसते. पूर्वी नुसते केस दिसायचे.

तुमच्या घरात असं पोर असेल, किंवा तुम्हीच तसे असाल, तर माझं एवढं ऐका. कुठल्याही काउंटरवर गेलात तर लाजू नका. “स्वच्छ आहे ना?” असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. विचारा, “कशाने धुतलीत? कशाने पुसलीत? याआधी काय कापलंत?” हात धुऊन द्या म्हणा. न फोडलेल्या गोळ्यातून कापून द्या म्हणा. दुकान उघडल्या उघडल्या जा. समोरचा नाक मुरडेल, मुरडू दे. आणि कुणी काउंटरमागे उभे असाल, तर विचारणाऱ्याला नखरेल म्हणू नका. तुम्हाला तो चुरा दिसत नाही, त्याला तो रात्रभर जाणवतो. आणि पोर म्हणालं, मी नाही खाल्लं, तर आधी त्याचं खरं माना. खिसे नंतर उलटे करा.

सुरी साफ झाली, फळी साफ झाली, दुकान साफ झालं. पण पोरीचं नाव साफ व्हायचं राहिलं होतं, आणि ते काकूंनी दुसऱ्याच दिवशी केलं. पाव यायच्या वेळी दुकान भरलेलं होतं. पाववाल्याने टोपली ठेवली तशा काकू म्हणाल्या, “थांब. जाऊ नकोस. सगळे ऐका. माझ्या नातीने कणसुद्धा चोरला नव्हता. हा म्हणाला आणि मी ऐकलं. म्हणून आधी हा कान धरेल आणि मग मी.”

पाववाल्याने खरंच कान धरला. “चुकलं गं बाय. माझीच साखरचोर आहे, तू नाहीस.” काकूंनीही धरला.

“पण काकू,” पाववाला हळूच म्हणाला, “मग पाव तिच्या पोटात घातला तरी कुणी?”

“होता एक. खांद्यावरच बसला होता माझ्या. पुसायची सवय त्याची, सदरा त्याचा, आणि आळ या पोरीवर. जाऊनही घरच्यांना छळायचं सोडलं नाही.” काकूंचा आवाज मध्येच ओला झाला, तो त्यांनी खाकरून कोरडा केला. मग लवंगीला खोक्यावर उभं केलं. “सांग गं तू. मोठ्याने सांग, बाहेर रस्त्यावर ऐकू जाऊ दे. कुणी केलं?”

लवंगीने सगळ्यांकडे बघितलं. दोन्ही हात कमरेवर ठेवले, आणि इतक्या दिवसांत जो आवाज या दुकानात फुटला नव्हता त्या आवाजात ती ओरडली,

“आजोबा!”